दहा बाय चौदाच्या गाळ्यात पेटी-तानपुऱ्याचं दुरुस्तीघर कसं मांडावं

हार्मोनियमच्या, म्हणजे पेटीच्या, सुराची जीभ पितळेची असते आणि ती ज्या फटीतून वर-खाली हलते ती फट केसापेक्षा बारीक असते. (जीभ आणि तिची चौकट मिळून होणाऱ्या सुट्या तुकड्यालाही कारागीर सूरच म्हणतात.) तिथे भुशाचा एक कण अडकला की सूर एक तर बोलतच नाही, नाही तर खरखरत बोलतो. दुरुस्तीच्या खोलीचा विचार इथूनच सुरू करावा, असं माझं ठाम मत आहे. पेटी दुरुस्त करायची तर लाकूड घासावं लागतं, चामडं कापावं लागतं, जुन्या भात्याच्या घड्यांत साचलेली माती काढावी लागते. आणि त्याच खोलीत, बहुधा त्याच दिवशी, सूरही लावावा लागतो. धुळीचं काम आणि कानाचं काम एकमेकांपासून तोडणं हा सगळ्या मांडणीचा गाभा. रंग, पाटी, फर्निचर यांचा नंबर त्यानंतर.

इथे मी धरून चाललो आहे तो गाळा १० फूट रुंद, १४ फूट खोल आहे. समोर शटर, मागच्या भिंतीत डाव्या हाताला एक खिडकी. काम पेट्यांचं आणि तानपुरा-सतारीचं, करणारा एक कारागीर आणि हाताखाली फार तर एक मुलगा. तबल्याचं काम यात मुद्दाम घेतलेलं नाही. पुडी भिजवायची, वादी ओढायची, शाई घोटायची म्हणजे पाणी, ओलं कातडं आणि लोखंडाची पूड आली. बंद गाळ्यात ही तिन्ही पेटीच्या सुरांना घातक आहेत. तबलाही करायचा असेल तर त्याला मागचा ओटा किंवा पडवी द्यावी. एवढ्या जागेत ते बसवू नये.

आधी कामाची वाट आखा

मोजपट्टी हातात घेण्याआधी एक पेटी दुकानात आल्यापासून बाहेर पडेपर्यंत कुठे कुठे जाते ते कागदावर लिहा. गिऱ्हाईक पेटी ठेवतं, वाजवून दाखवतं, तक्रार सांगतं. मग बाहेरून साफसफाई. मग पेटी उघडायची, बोटांनी दाबायच्या पट्ट्या काढायच्या, सूर बसवलेली फळी म्हणजे सुरांची पाटी काढायची. भाता गळत असेल तर चामडं आणि सरस. लाकडाचं काही असेल तर करवत, रंधा, पॉलिशपेपर. मग सूर. मग जुळणी. मग एक-दोन दिवस तसंच ठेवून पुन्हा तपासणी, आणि शेवटी गिऱ्हाइकासमोर वादन.

या वाटेत पेटी जितक्या वेळा उलट-सुलट फिरेल तितकी मांडणी चुकलेली. स्केलचेंजची, म्हणजे पट्ट्या सरकवून स्वर बदलता येणारी, पेटी पंधरा किलोच्या आसपास भरते. दिवसात ती दहा वेळा उचलली तर संध्याकाळी कंबर बोलते.

आता जमिनीवर खडूने किंवा चिकटपट्टीने भाग आखा. दारात उभं राहून आत बघताना असे:

पुढचे ४ फूट गिऱ्हाइकाचे. मधले ५ फूट कामाचे. उजव्या भिंतीला मुख्य टेबल, डाव्या भिंतीला मांडण्या. मागचे ५ फूट दोन भागांत तोडायचे. डावीकडे खिडकीपाशी धुळीचा कोपरा, उजवीकडे सुराचा कोपरा. या दोन कोपऱ्यांच्या मधे जमिनीपासून छतापर्यंत भिंत.

सूर सगळ्यात मागे का, तर रस्ता पुढे आहे. धूळ मागे का, तर खिडकी मागे आहे. दोघांनाही तीच मागची जागा हवी असते, म्हणून मधली भिंत टाळता येत नाही. पैसे कमी असतील तर काउंटर जुना घ्या, मांडण्या लोखंडी पट्ट्यांच्या करा, पण ही भिंत पहिल्याच दिवशी घाला.

आखून झालं की एक लांबडा तानपुरा, पाच फुटांचा, हातात घेऊन दारापासून मागपर्यंत चालून बघा. वळताना खुंट्या कुठे आपटतात ते लगेच कळतं. टेबल २ फूट आणि मांडणी दीड फूट खोल धरली तर मधे साडेसहा फूट वाट उरते, तेवढी पुरते. तिथे स्टूल, खोकी, पिंप काहीही कायमचं ठेवायचं नाही.

भिंती, ओल आणि फरशी

गाळा ताब्यात आला की पहिला पाऊस बघूनच फर्निचर करावं. ते शक्य नसेल तर शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारून कुठली भिंत पाझरते ते तरी काढावं. पाझरणाऱ्या भिंतीला आतून ऑइलपेंट मारल्याने ओल थांबत नाही, ती फक्त पापुद्र्याआड लपते. बाहेरून किंवा वरून जिथून पाणी येतं तिथे आधी इलाज करा. आणि मांडणी कुठल्याही भिंतीला चिकटवू नका. मागे दोन इंच हवा खेळू द्या.

फरशी एका रंगाची, फिकट आणि चमक नसलेली हवी. ठिपक्यांच्या मोझेकवर पडलेला पितळेचा बारीक स्क्रू किंवा तानपुऱ्याचा मणी शोधण्यात अर्धा तास जातो. जुनी मोझेक असेल तर वरून साधं फिकट विनाइल अंथरा. टेबलाच्या पायाशी आणि भिंतीच्या कडेला फट राहू देऊ नका, सगळं हरवलेलं तिथेच जातं. सतरंजी फक्त बैठकीवर. कामाच्या जागी कापडाचं काहीही जमिनीवर नको.

भिंतींना फिकट रंग, छताला पांढरा. यावर याहून जास्त विचार करायची गरज नाही.

धुळीचा कोपरा

पाच बाय पाचाच्या जागेत निव्वळ पंखा लावून धूळ जात नाही, ती नुसती फिरते. म्हणून धुळीला खोक्यात कोंडा. १८ मिलिमीटर प्लायचं खोकं करा: रुंदी ३० इंच, खोली २४ इंच, उंची २४ इंच. पुढची बाजू उघडी. वरचं झाकण पारदर्शक अ‍ॅक्रिलिकचं, त्यावर ट्यूबलाइट. मागच्या बाजूला ६ इंचांचा एग्झॉस्ट पंखा आणि तिथून खिडकीबाहेर जाणारा पाइप. पाइपाच्या तोंडाला कापडी पिशवी बांधा, म्हणजे आपला भुसा शेजाऱ्याच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर जाणार नाही. पेटीची लांबी साधारण २५ इंच असते, ती या खोक्यात आडवी मावते. तळाला पत्र्याचा ट्रे ठेवा, तो रोज उचलून झटकता येतो.

पंखा हवा बाहेर ओढतो तेव्हा तेवढीच हवा पुढून आत येते. म्हणजे हवेची वाट स्वच्छ भागाकडून मळक्या भागाकडे राहते, आणि आपल्याला हवी तीच ही दिशा. मात्र पुढून रस्त्याची धूळ येऊ नये म्हणून शटरच्या आतल्या काचेच्या दाराच्या वर जाळी आणि तिच्यामागे धुता येणारं गाळणीचं कापड लावा.

व्हॅक्युम क्लीनर याच कोपऱ्यात. सुरांच्या पाटीवर हवा मारायची नाही, ओढायची. कॉम्प्रेसरने हवा मारली की एका सुरातली घाण शेजारच्या चार सुरांत जाते, आणि हवेबरोबर पाण्याचे थेंबही येतात.

लाकडाची बारीक धूळ हा माणसाच्याही जिवाचा प्रश्न आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने लाकडाची धूळ माणसात कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या यादीत ठेवली आहे. सागवान आणि शिसम या आपल्या रोजच्या लाकडांच्या धुळीने कातडीला खाज आणि दम्यासारखा त्रासही होतो. खोक्याच्या कडेलाच खिळा ठोकून एन-९५ मास्क टांगून ठेवा. हाताशी असला तरच तो वापरला जातो, ड्रॉवरमधला मास्क कोणी काढत नाही.

सरसाचं भांडंही याच बाजूला, पण खोक्यापासून दूर. सरस ६० अंशांच्या आसपास पाण्याच्या भांड्यात भांडं ठेवून तापवायचा असतो, उकळू द्यायचा नसतो. तेव्हा थर्मोस्टॅटवाली छोटी हॉटप्लेट घ्या आणि तिच्याखाली, मागे पत्रा ठोका.

सुराचा कोपरा

या कोपऱ्यावर मी सगळ्यात जास्त वेळ आणि पैसा घालायला सांगेन.

मधली भिंत अशी करा: दोन बाय दोन इंची लाकडी चौकट, दोन्ही बाजूंनी १२ मिलिमीटर प्लाय, आत ५० मिलिमीटर रॉकवूल, म्हणजे आवाज अडवणारी दगडी लोकर. प्लायचे सगळे सांधे सिलिकॉनने बंद करा, कारण रॉकवूलचे तंतू बाहेर आले तर आपणच सुरांत कचरा घालतो आहोत. कोपऱ्याच्या पुढच्या तोंडाला जाड, जमिनीपर्यंत येणारा पडदा पुरतो.

पाच बाय पाचाच्या, तीन बाजूंनी टणक जागेत आवाज घुमतो. खर्जातले काही सूर उगाच मोठे आणि काही दबलेले ऐकू येतात. त्याला महागडे फोमचे तक्ते लागत नाहीत. लागून असलेल्या दोन भिंतींवर, भिंतीपासून दोन इंच पुढे पट्ट्या ठोकून जाड गोधड्या किंवा रजया ताणून लावा. पण त्यांना घट्ट विणीच्या मांजरपाटाची खोळ शिवा. जुन्या गोधडीचे तंतू झडतात आणि ते थेट सुरात जातात.

या कोपऱ्यात छताचा पंखा नको. दोन सूर एकमेकांत मिसळताना कान हेलकावे ऐकत असतो. दोघांत सेकंदाला एका कंपनाचा फरक असेल तर सेकंदाला एक हेलकावा येतो, आणि तो पुसट होत थांबला की सूर जुळले. आता डोक्यावर तीन पात्यांचा पंखा मिनिटाला ३०० फेऱ्या मारत असेल तर तो सेकंदाला १५ वेळा आवाज कापतो. सावकाश लावला तर आणखी कमी वेळा, म्हणजे नेमका हेलकाव्यांच्या जवळ येतो. तुम्ही ऐकताय तो हेलकावा सुराचा की पंख्याचा, हे सांगता येत नाही. म्हणून आधी खोली गार करून घ्यायची आणि सूर लावताना पंखा, एसी, एग्झॉस्ट सगळं बंद. या तिन्हींची बटणं सुराच्या कोपऱ्यात, बसल्या हाताला लागतील अशी घ्या. वायरमनला हे आधी सांगितलं नाही तर तो सगळी बटणं सवयीने शटरपाशी काढतो.

आत दोन गोष्टी मांडायच्या. एक, सूर तपासायची पेटी. ही आपणच करायची: वर एका सुराएवढा खाचा, त्याच्या कडांना मऊ चामडं, खाली भाता आणि भात्याला पायाने दाबायची पायटी. पाय हवा देतो, दोन्ही हात मोकळे राहतात. भात्यावर ठरावीक वजन ठेवलं की दाब दरवेळी सारखा मिळतो. दाब बदलला की सूर हलतो, म्हणून हे महत्त्वाचं. खुर्चीवर बसून काम करणाऱ्याला तिचा माथा जमिनीपासून २८ इंचांवर असू द्या.

जिभेचं टोक खरवडलं की सूर चढतो, मुळाशी खरवडलं की उतरतो. खरवडताना जीभ गरम होते आणि गरम जीभ किंचित उतरलेली वाजते. त्यामुळे सूर खरवडून लगेच कान लावायचा नाही, तो निवण्यासाठी शेजारी जागा हवी. तपासायच्या पेटीच्या उजवीकडे संगमरवराचा किंवा ग्रॅनाइटचा हातभर तुकडा बसवा. त्यावर ठेवलेला सूर पटकन खोलीच्या तापमानाला येतो. तोवर पुढचा सूर घ्यायचा. ट्यूनरचा पडदा डोळ्यांसमोर, दीड फुटावर. ४४० हर्ट्झला पांढरी सहा धरायची की गिऱ्हाइकाच्या मंडळातल्या जुन्या पेटीशी जुळवायचं, ते आधी विचारून चिठ्ठीवर लिहिलेलं असावं. इथला दिवा हाताळता येईल असा, भिंगासह, आणि एलईडीचा. गरम होणारा बल्ब सुराजवळ नको.

दोन, जवारीची बैठक. जवारी म्हणजे घोडीचा, तारा ज्यावर टेकतात त्या तुकड्याचा, माथा घासून तारेचा झंकार जुळवणं. तानपुऱ्याचं काम मांडी घालूनच नीट होतं. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत कारागीर खाली बसून, पायाचा आधार देऊन काम करतात, आणि त्या बैठकीमागे पिढ्यांचा अनुभव आहे. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात हाताच्या याच सवयींचा वाटा आहे. तेव्हा टेबल-खुर्चीच्या हट्टापायी बैठक काढून टाकू नका. कोपऱ्यात ३ बाय ५ फुटांचा, ६ इंच उंचीचा लाकडी चौथरा घाला. त्यावर पातळ गादी, तिला मांजरपाटाचीच खोळ, आणि भोपळा टेकवायला कापडाची चुंबळ.

जवारी काढताना घोडीच्या माथ्यावर तार कुठे टेकते आणि कुठून सुटते ते बघायचं असतं. वरून पडणाऱ्या उजेडात तो माथा सपाट दिसतो. उजेड घोडीच्या पातळीवर, बाजूने, जवळजवळ आडवा यायला हवा. मग तारेखालची बारीक फट काळ्या रेघेसारखी दिसते, आणि कानसेचा एक हात फिरल्यावर ती रेघ कुठे लांबली तेही दिसतं. चौथऱ्याच्या डाव्या कडेला जमिनीपासून फूटभर उंचीवर फिरता दिवा बसवा. कानशीची पूड झेलायला घोडीखाली ओलसर कापड अंथरायचं, ते काम संपलं की बाहेर. खुंट्यांचा खडू, सुती दोरे, तारांची रिळं यांना चौथऱ्याच्या पोटातच एक ड्रॉवर करा.

जुन्या तानपुऱ्यावर हस्तिदंत किंवा सांबरशिंगाचे तुकडे निघतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे अशा वस्तूंचा व्यापार करता येत नाही. काढलेला तुकडा पाकिटात घालून गिऱ्हाइकाचा गिऱ्हाइकाला परत द्यावा. आपल्या ड्रॉवरमध्ये त्याला जागा नाही.

मुख्य टेबल

लांबी ५ फूट, खोली २ फूट. हा हिशोब असा: पेटीला २५ इंच, शेजारी तिच्या सुट्या भागांच्या ट्रेला १८ इंच, हत्यारांना उरलेलं. माथा १८ मिलिमीटरचे दोन प्लाय एकावर एक चिकटवून करा, ठोकताना टेबल नाचता कामा नये. पाय सागवानाचे किंवा चौकोनी लोखंडी पाइपाचे, आणि भिंतीला दोन ठिकाणी बांधलेले. कडेला बारीक पट्टी मारा, वर फक्त पाच-सहा मिलिमीटर येईल अशी. घरंगळणारा स्क्रू तिथे थांबतो. पुढच्या बाजूची पट्टी काढता-घालता येणारी ठेवा, कारण भाता पसरताना ती हाताला टोचते.

उंची मात्र पुस्तकातून घेऊ नका. उभं राहा, हात कोपरात काटकोनात वाकवा आणि जमिनीपासून कोपरापर्यंत मोजा. त्यातून चार-पाच इंच वजा केले की रंधा-करवतीची उंची मिळते. पण पेटी स्वतःच दहा-अकरा इंच उंच असते. उघड्या पेटीतल्या पट्ट्यांवर काम करताना खांदे वर जातात. म्हणून टेबल उभ्याच्या हिशोबाने करा आणि पेटीच्या कामासाठी त्याच्याच पोटातून ओढून बाहेर येणारी, २४ इंच उंचीची फळी करा. खुर्चीवर बसलं की पेटीचा माथा बरोबर छातीखाली येतो.

वाईस, म्हणजे वस्तू पकडून ठेवणारा शिकंजा, डाव्या टोकाला, त्याच्या जबड्यांना आतून चामडं चिकटवलेलं. माथ्यावर कामापुरती नमद्याची (दाबलेल्या लोकरीची) चटई, पण सूर हातात असताना ती गुंडाळून ठेवायची.

हत्यारं समोरच्या भिंतीवर. पटाशा, कानसा, पक्कड, चिमटे, गिरमिट यांतलं जे रोज लागतं ते हात लांब केल्यावर मिळालं पाहिजे, जे आठवड्यातून एकदा लागतं ते खालच्या ड्रॉवरमध्ये. सूर खरवडायची हत्यारं या बोर्डावर नकोतच. ती सुराच्या कोपऱ्यातच राहतील आणि लाकडाला कधी लागणार नाहीत.

उजेडासाठी माथ्यावर दोन पट्टीदिवे, एकमेकांपासून तीन फुटांवर, म्हणजे हाताची सावली कामावर पडत नाही. ४००० ते ५००० केल्विन, आणि रंग खरे दाखवणारे, म्हणजे खोक्यावर सीआरआय ९० किंवा वर लिहिलेले घ्या. जुन्या पॉलिशशी नवा रंग जुळवताना स्वस्त दिव्याखाली जे एकसारखं दिसतं ते उन्हात वेगळं निघतं. शिवाय एक हातातला टॉर्च हवाच. भात्याच्या आत टॉर्च लावून खोलीतले दिवे मालवले की चामड्याची भोकं आपोआप चमकतात.

वीज

सगळी वायरिंग भिंतीबाहेर, केसिंगपट्टीतून घ्या. वर्षभरात जागा बदलावीशी वाटणारच. ३० मिलीअ‍ॅम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारा स्विच, लावल्याशिवाय काम सुरू करू नये. टेबलाच्या माथ्यावर सहा इंचांवर चार सॉकेट, धुळीच्या कोपऱ्यात दोन, त्यांतला एक १६ अ‍ॅम्पिअरचा. हॉटप्लेटच्या बटणाला लाल दिवा, आणि ते बटण बाहेर पडताना दिसेल अशा जागी.

मांडण्या, ट्रे आणि वाळवणीचं कपाट

डाव्या भिंतीला ५ फूट लांब, १६ इंच खोल मांडणी. प्रत्येक खणात दोन पेट्या, खणाची उंची १४ इंच. तीन खण, म्हणजे सहा पेट्या. खालचा खण जमिनीपासून ९ इंच वर, पोछा आणि उंदीर दोघांपासून लांब. वरचा खण छातीच्या वर जाऊ देऊ नका. माळ्यावर पेटी चढवायची नाही. तिथे फक्त रिकामी खोकी. भजनी मंडळांच्या पेट्या आषाढीच्या आणि गणपतीच्या तोंडावर एकदम येतात. त्या दिवसांसाठी गिऱ्हाइकाच्या भागात भिंतीला दुमडणारी एक फळी करून ठेवा.

खणांना नावं तीनच: आलेलं, चालू, तयार. प्रत्येक पेटीच्या मुठीला दोऱ्याने चिठ्ठी.

पेटी उघडली की तिचे सूर जातात ट्रेमध्ये. साडेतीन सप्तकांच्या पेटीला ४२ पट्ट्या असतात, तेव्हा ट्रेला प्रत्येकी ४२ खान्यांच्या तीन रांगा करा: खर्ज (सगळ्यात खालचे सूर), नर (मधले), मादी (वरचे). ३९ किंवा ३७ पट्ट्यांची पेटी त्यातच बसते. खान्यांत मखमल किंवा कापूस घालायचा मोह होतो, तो आवरा; तंतू सुराच्या फटीत जातो. आतून वार्निश मारलेलं गुळगुळीत प्लाय सगळ्यात चांगलं. ट्रेला सरकतं झाकण हवं, आणि असे किमान तीन ट्रे, कारण एका वेळी तीन पेट्या उघड्या असतातच.

तानपुऱ्यांना मांडणीच्या पुढे, भिंतीला लागून एक लांबट कठडा: खाली चुंबळी, वर गळ्याच्या उंचीवर नमदा लावलेली अर्धगोल खाच आणि पट्टा. दुकानात वाद्यं खुंटीला टांगलेली छान दिसतात. पण दुरुस्तीला आलेल्या तानपुऱ्याचा भोपळा आणि दांडी यांचा सांधाच बहुधा ढिला झालेला असतो, त्याला लटकवून ताण का द्यायचा? मागच्या पट्टीला नमदा लावा, भोपळा भिंतीला टेकता कामा नये.

चामडं, नमदा, लोकर हे सगळं घट्ट झाकणाच्या डब्यात. कसर एकदा नमद्यात शिरली की पट्ट्यांखालचं सगळं अस्तर खाऊन टाकते, आणि ती बहुतेक वेळा गिऱ्हाइकाच्याच पेटीतून येते. म्हणून नवी आलेली पेटी थेट मांडणीवर चढवायची नाही. आधी धुळीच्या कोपऱ्यात, ब्रश आणि व्हॅक्युम, आतून टॉर्च. जिवंत काही दिसलं तर मोठ्या प्लास्टिकच्या झाकणबंद डब्यात वेगळी.

आता वाळवणीचं कपाट. पावसाळ्यात मुंबई-कोकणाकडे हवेत दमटपणा ८०-९० टक्क्यांवर जातो. पट्ट्या फुगून एकमेकींना अडकतात आणि गिऱ्हाईक म्हणतं, जरा घासून द्या. घासून दिल्या तर दिवाळीनंतर लाकूड आकसतं आणि त्याच पट्ट्या खडखडायला लागतात. अशी पेटी आधी वाळवायची आणि मग ठरवायचं. दोन पेट्या मावतील असं कपाट करा, तळाशी जाळीच्या पिंजऱ्यात २५ वॅटचा जुन्या पद्धतीचा बल्ब, त्याच्यावर फूटभर अंतराने भोकांची फळी, माथ्याला हवा जायला छिद्रं, आत आर्द्रतामापक. ५० टक्क्यांच्या जवळ ठेवायचं, ४५ च्या खाली नाही, आणि चार-पाच दिवस घाई करायची नाही. तानपुऱ्याला हे कपाट नको. झपाट्याने वाळली तर तबली, म्हणजे भोपळ्यावरची लाकडी फळी, चिरते. त्याच्यासाठी गाळ्याचीच हवा सांभाळा, पावसाळ्यात छोटा डिह्युमिडिफायर किंवा एसीचा ड्राय मोड. विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्यात उलटा त्रास: हवा इतकी कोरडी होते की सांधे उघडतात. तिथे वाळ्याचा पडदा ओला करून दारात लावणं अजूनही उत्तम.

पॉलिश आणि आग

लाखेचं पॉलिश स्पिरिटमध्ये असतं. दमट दिवशी लावलं तर त्यावर पांढरी झाक चढते, आणि धूळ असेल तर ती कायमची चिकटते. त्याला वेगळी जागा देणं या गाळ्यात शक्य नाही, म्हणून वेगळा दिवस द्या. आठवड्यातला एक कोरडा दिवस धुळीचं खोकं पुसून घ्यायचं, हॉटप्लेटचा प्लग काढायचा आणि तिथेच पॉलिश करायचं, एग्झॉस्ट चालू ठेवून.

स्पिरिट आणि थिनर गरजेपुरतं, पत्र्याच्या कपाटात. जवसाच्या तेलाचे बोळे चुरगळून टाकले तर ते आपोआप तापून पेट घेऊ शकतात. ते पाणी घातलेल्या झाकणाच्या डब्यात. जुन्या तानपुऱ्यांवरच्या नक्षीच्या पट्ट्या पुष्कळदा सेल्युलॉइडच्या असतात आणि सेल्युलॉइड भडकन पेटतं, तेव्हा त्याचे तुकडे सरसाच्या शेगडीपासून लांब, बंद डब्यात ठेवा. आग विझवायचा २ किलोचा एबीसी सिलिंडर दारापाशी टांगा. मागे टांगला तर आगीतून जाऊन तो आणावा लागेल.

गिऱ्हाइकाची जागा

शटरच्या आत काचेचं सरकतं दार घाला, रस्त्याचा अर्धा आवाज आणि बरीचशी धूळ तिथेच अडते. काउंटर ३ फूट पुरे. त्याच्या शेजारी ४ बाय ४ फुटांची, सतरंजी घातलेली बैठक, जिथे पेटी वाजवून घेता येईल. वयस्क मंडळींना मांडी घालून बसवत नाही. त्यांच्यासाठी हाताच्या दांड्यांची एक खुर्ची आणि पेटी ठेवायला खुर्चीच्या हिशोबाचं स्टूल. कीर्तनात गळ्यात पेटी अडकवून उभ्याने वाजवणारे असतात, त्यांना उभ्यानेच वाजवून बघू द्या. भात्याचा दाब उभ्याने वेगळा पडतो आणि त्यांची तक्रार तिथेच कळते.

काउंटरच्या खणात वही: नाव, वाद्य, किती सुरी (सुरांच्या किती रांगा), कोणत्या पट्टीत लावायचं, काय तक्रार, आधीच्या भेगा-ओरखडे. दिव्याखाली चारही बाजूंनी फोटो काढायची एक ठरलेली जागा असू द्या.

कामाचा क्रम

ओलीचा इलाज, वायरिंग, मधली भिंत, फरशी, रंग, धुळीचं खोकं, मुख्य टेबल, मांडण्या, सुराचा कोपरा, काउंटर. सुतारकाम शक्यतो गाळ्याबाहेर करून घ्या. सगळं संपल्यावर दोन दिवस गाळा बंद ठेवून बसलेली धूळ ओल्या फडक्याने पुसा, आणि मगच पहिली सुरांची पाटी आत न्या.

हत्यारांचा बोर्ड सगळ्यात शेवटी. पहिले दोन महिने हत्यारं टेबलावरच, साध्या ट्रेमध्ये ठेवा. कुठलं हत्यार कुठल्या हाताने, कुठे उभं राहून उचललं जातं ते त्या दिवसांत ठरतं. मग बोर्डावर प्रत्येकाची बाह्यरेषा आखा आणि खिळे ठोका.